काळ्या गाठीची ओळ

पाचोडच्या स्टँडवर आईनं मला एसटीत बसवलं, तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि त्या पिशवीत माझे दोन परकर सोडले तर सगळं सामान आत्याच्या सासूसाठी होतं. बहात्तर सालचा दुष्काळ. वडील मेंढरं घेऊन महिन्याभरापूर्वीच खानदेशाकडं निघून गेले होते. घरात आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान रखमा. मी पंधराची. आमच्या वाडीतल्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस होते ते, आणि शहरातून आत्याचा निरोप आला होता की एक पोरगी पाठवून दे, खाणारं एक तोंड तरी कमी होईल.

मी रडायला लागले तशी आई खिडकीखालून म्हणाली, "रडू नगंस. रडायला बी पानी लागतंय." गाडीतल्या बायका हसल्या. मग ती जरा जवळ आली आणि हळू म्हणाली, "आत्याला म्हनावं, शिवन शिकीव मला. सुईला पानी लागत नाय."

रखमानं विचारलं, "आक्का, कवा येशील?"

मी म्हटलं, "पाऊस पडला की."

पुढच्या वर्षी पाऊस पडला. मी गेले नाही. याबद्दल गावात बरंच बोललं गेलं, आजही बोललं जातं. जे मागं राहिले त्यांना वाटतं, आम्ही शहराला भाळलो. आणि माझ्यासारखे जे निघून आले ते एकमेकांना भेटले की गावच्या भाकरीची आठवण काढून उसासे टाकतात आणि संध्याकाळी सिडकोतल्या आपापल्या फ्लॅटमध्ये जाऊन पंख्याखाली झोपतात. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आत्या उस्मानपुऱ्यात राहायची. तिचा नवरा रेल्वे स्टेशनवर हमाल होता. दोन खोल्या, सहा माणसं, सातवी मी. पहिल्याच दिवशी आत्यानं सांगून टाकलं, "हे बघ हिरा, दिवाळीपत्तुर बघू. हाताला काम लागलं तर ऱ्हा. नाय तर आईकडं जाऊन खडी फोड." मला एसटीत बसवून आई आणि रखमा करमाडजवळच्या दुष्काळी कामावर गेल्या होत्या. तिथंच पालात राहायच्या, दिवसभर दगड फोडायच्या आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खायच्या. आत्या वाईट नव्हती. तिचं घरच एवढंसं होतं. पण त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसले, की दिवाळीच्या आत मला हाताला काम लावायचं आहे.

गल्लीच्या तोंडाशी सुमनबाईंचा शिवणक्लास होता. बाईंचं घराणं मूळचं भिक्षुकीचं, वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून. बाईंना कमी वयात वैधव्य आलं आणि त्यांनी पुढच्या खोलीत क्लास काढला. मी तिथं झाडायला, सुया वेचायला आणि पाणी भरायला लागले आणि त्या बदल्यात शिकू लागले. आमच्याकडं सुई म्हणजे दाभण, दोरा म्हणजे सुतळी. इथं रिळं होती, लाकडी रिंग होती, अभ्रा नावाची वस्तू होती. उशीलाही कपडे घालतात हे मला तिथं कळलं. गावी उशी म्हणजे हात.

आणि तिथं तो नमुना होता.

मांजरपाटाचं लांबच लांब फडकं, चहाच्या पाण्यासारखा रंग आलेलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं. त्यावर एकाखाली एक टाक्यांच्या ओळी. सगळ्यात वरच्या ओळी उस्तानींच्या, म्हणजे ज्यांनी बाईंना हे काम शिकवलं त्यांच्या. या उस्तानी बाईंच्या शेजारी राहायच्या, आणि जरीच्या कामासाठी हैदराबादपर्यंत त्यांचं नाव होतं म्हणे. त्यांच्या ओळींतली जर काळी पडली होती, पण टाका एकही सुटला नव्हता. त्याखाली बाईंच्या ओळी: धावदोरा, देठ टाका, साखळी, काज, फुली. आणि त्याखाली क्लासमधून तयार होऊन बाहेर पडलेल्या एकेका बाईची एकेक ओळ. पहिलं काम पास झालं की नमुन्यावर आपली ओळ घालायची आणि मगच क्लासच्या कामाची मजुरी मिळू लागायची, असा रिवाज होता. ओळीशेजारी नाव नसायचं. टाक्यावरूनच कळायचं कोणाची ते.

नमुना नुसता बघायचा नसे. गिऱ्हाईक आलं की तो पसरला जाई आणि बायका बोट ठेवून सांगत, हा टाका काठाला, हा फुलाला. मुली टाके मोजत, दोरा किती पदरी घेतलाय ते भिंग लावून बघत. आणि बाई प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच सांगत, "आधी उलटी बाजू बघ. सुलट कुणीही करतं."

श्रावण सरला आणि दिवाळीनंतरच्या एका लग्नाचं काम आलं. रुखवताचं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, लग्नात नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि पाहुण्यांनी वाहवा करायची, याला रुखवत म्हणतात. या नवरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिच्या वाटचं कौशल्य आम्ही सहा जणी करत होतो. माझ्या वाट्याला सहा अभ्रे आले, पांढरं पॉपलीन, कडेनं हिरव्या दोऱ्याची साखळी. बाई म्हणाल्या, "नमुन्यावरून कर. हे नीट झालं तर तुझी ओळ."

मी नमुना घेऊन कोपऱ्यात बसले. साखळीच्या दोन ओळी होत्या, एकीखाली एक. वरची सरळ, साधी. खालच्या ओळीत प्रत्येक कडीला पीळ पडलेला, आणि ओळीच्या शेवटी काळ्या दोऱ्याची एक घट्ट गाठ. मी नीट बघितलं. अशा काळ्या गाठी आणखीही चारपाच ओळींना होत्या. सगळ्यांना नव्हत्या. मला वाटलं, आता आपल्याला खरं ते कळलं. कोणाला विचारायचीही गरज वाटली नाही. खालची ओळ धरली आणि चार दिवसांत चार अभ्रे केले, एकसारखे, पिळाच्या साखळीचे.

क्लासमध्ये शकीलाआपा होत्या, सगळ्यांत थोरल्या, हात सगळ्यांत चलाख. त्यांनी अभ्रा उचलला आणि कपाळाला हात लावला. "अगे हिरा, काली गाठ देखी नै क्या तू?"

"देखी की," मी म्हटलं. "देखी म्हणूनच तर केलं."

सगळा क्लास माझ्याकडं बघायला लागला. बाई उठून आल्या. अभ्रा बघितला, उलटा केला, परत सुलटा केला. मग म्हणाल्या, "काळी गाठ म्हणजे चुकीची ओळ. सुई फासाच्या बाहेर गेली तर काय होतं ते दाखवायला उस्तानींनी माझ्याकडून मुद्दाम घालून घेतलेली. हे सगळ्यांना माहीत आहे. तुला माहीत नाही?"

कसं माहीत असणार? आमच्या घरी काळा दोरा चुकीला बांधत नाहीत. कळपातला सगळ्यांत देखणा एडका असतो ना, त्याच्या गळ्यात वडील काळा दोरा बांधायचे, दृष्ट लागू नये म्हणून. रखमा जन्मली तेव्हा तिच्या मनगटात बांधला होता. मला वाटलं, या ओळी इतक्या सुरेख आहेत की कोणीतरी त्यांना नजर लागू नये म्हणून गाठ मारलीय. मी हे बाईंना सांगितलं. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. शकीलाआपा हसल्या नाहीत. बाईही हसल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

"गुरुवारी नवरीकडचे येणार," बाई म्हणाल्या. "चारही उसव. कापडाला भोकं दिसता कामा नयेत. सहाच्या सहा झाले तर ठीक. नाहीतर पुढं येऊ नकोस."

घरी जाऊन आत्याला सांगितलं. तिनं परातीतून मान वर केली नाही. "मग उद्या सकाळच्या पॅशिंजरनं करमाडला जा. गुरुवारापत्तुर कशाला थांबतीस?"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी हरले होते आणि मला आई पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी अभ्र्यांचं गाठोडं काखेत मारून गाडीत बसले. परत यायचं नाही असंच ठरवून निघाले होते. गाठोडं आणलं ते एवढ्याचसाठी, की आत्याच्या घरी ते ठेवायला जागा नव्हती.

करमाडला उतरून माळावर चालत गेले. लांबून नुसता हातोड्यांचा आवाज. जेवणाची सुट्टी झाली आणि आई फडक्यानं तोंड पुसत आली. पापण्यांपर्यंत दगडाची पांढरी धूळ. रखमा तिच्यामागं, डोक्याला चिंधी बांधलेली. तिनं मला बघून उडीच मारली. मी आईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला इथंच राहायचंय, माझंही नाव लाव कामावर.

आईनं गाठोडं सोडायला लावलं. हात लुगड्याला पुसले, तरी अभ्र्याला लावले नाहीत, मलाच धरायला सांगितला. बराच वेळ बघितलं.

"टाका वाईट नाय," ती म्हणाली. "पर सांगितलेला नाय."

"मला परत नाय जायचं."

"हितं जागा नाय. मुकादम नवं नाव घेत नाय." आणि मग, मी अजूनही विसरले नाही अशा कोरड्या आवाजात, "चारची गाडी हाय. ऊठ."

रखमा म्हणाली, "आये, येक रात तरी." आईनं तिला खडीकडं पिटाळलं. मला अर्धी भाकरी दिली आणि ती परत खडीवर जाऊन बसली. मी जाईपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

रडू आलं नाही, राग आला. स्वतःच्या आईकडंसुद्धा जागा नाही. गाडीत बसल्या बसल्या मी पहिला अभ्रा काढला आणि सुईच्या टोकानं उसवायला लागले. शेजारच्या बाईनं विचारलं, एवढं चांगलं का उसवतीस? मी म्हटलं, सांगितलेलं नव्हतं. शहर येईपर्यंत दोन अभ्रे उसवून झाले होते.

आणि आईचं एक म्हणणं खोटं निघालं, सुईलाही पाणी लागतं. उसवलेल्या कापडावर भोकांची रांग राहते. ती बुजवायला कापड ओलं करून नखानं उभं-आडवं घासावं लागतं, म्हणजे धागे सरकून जागेवर येतात. नळावर रांगेत उभं राहून घराला मिळायचे दोन हंडे. त्यातलं पाणी आत्या मला कापडावर घालू देईना. मी तीन दिवस माझ्या वाट्याचं प्यायचं पाणी तांब्यात साठवून त्यात बोटं बुडवली. नखं झिजून बोटं सोलवटली. वरची, साधी, बिनगाठीची साखळी घातली, सुई फासाच्या आत, प्रत्येक वेळी आत. गुरुवारी सकाळी सहाही अभ्रे बाईंच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी सहाही उलटे करून बघितले. उजेडापुढं धरले. भोक दिसलं नाही. पुढं लग्नात त्या नवरीच्या रुखवताची फार वाहवा झाली म्हणे. तिच्या सासूनं म्हटलं, पोरीच्या हातात कला आहे.

बाईंनी नमुना पुढं सरकवला. "घाल तुझी ओळ."

मी हिरवा दोरा घेतला आणि पिळाची साखळी घातली. सुई फासाच्या बाहेर, प्रत्येक वेळी बाहेर, सारख्या अंतरावर. सगळ्या बघत होत्या. काळी गाठ मारली नाही.

"ही चुकीची ओळ आहे, हिरा."

"चुकीची नाही, बाई. सांगितलेली नव्हती."

बाईंनी नमुना उलटा केला. चष्मा वर करून जवळून बघितलं. "पाठ स्वच्छ आहे," म्हणाल्या. "राहू दे." शकीलाआपांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

आता कोणी म्हणेल, पुढं तोच टाका सगळ्यांनी मागितला असेल. कसलं काय! पन्नास वर्षांत तो दोनतीनदाच कोणी मागितला असेल. पण दिवाळीला आत्यानं मला काही विचारलं नाही, आणि मी राहिले.

राहिले ती राहिलेच. लग्न झालं, याच गल्लीत घर केलं, मालक चिकलठाण्याला कारखान्यात होते, ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगा वाळूजला नोकरीला आहे. शहर माझ्या डोळ्यांदेखत वाढलं. जिथं मेंढरं बसवता येतील अशी माळरानं होती तिथं आता कॉलन्या, आणि करमाडच्या अलीकडं शेंद्र्याला कंपन्यांच्या भिंतीच भिंती. आईनं खडी फोडलेली जागा मला आता दाखवता येणार नाही. शहराचं नावही बदललं. पाणी मात्र तेव्हाही दिवसाआड होतं, आता तर आठवड्यानं येतं, फक्त टाक्या मोठ्या झाल्या. बाई मुलाकडं पुण्याला गेल्या तेव्हा नमुना माझ्या हातात देऊन गेल्या. क्लास आता माझ्या पुढच्या खोलीत भरतो. कॉम्प्युटरवर भरतकाम करणारं मशीन कोपऱ्यावर आलंय, मिनिटाला शेकडो टाके घालतं, पण कुर्तीचं भरत उसवलं की पोरी माझ्याकडंच येतात. मध्ये एक गृहस्थ नमुन्याला काचेची फ्रेम करून देतो म्हणून मागं लागले होते. मी विचारलं, मग उलटी बाजू कशी बघायची? त्यांना माझं म्हणणं कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात रखमा आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आठ दिवस माझ्याकडं होती. एका डोळ्यावर पट्टी, तरी तोंडाचा पट्टा चालूच. तिच्या मुलांनी वाडीत पक्कं घर बांधलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी ती विषयावर आली.

"आक्का, आता बास झालं की. पोरांनी तुज्यासाठी येक खोली काढून ठिवलीय. किती दिस ऱ्हातीस लोकात?"

लोकात! पन्नास वर्षं या गल्लीत काढल्यावर लोकात. माझा पाराच चढला. म्हटलं, "मी आले होते ना तुमच्यात राहायला? करमाडला? तेव्हा जागा नव्हती ना तुमच्याकडं?"

रखमा माझ्याकडं उघड्या डोळ्यानं बघत राहिली. "जागा व्हती की," ती म्हणाली.

"मुकादम नाव घेत नव्हता म्हणून आईनंच सांगितलं."

"मुकादम तर रोज हाका मारून मानसं मागायचा. तू गेलीस त्याच दिशी त्यानं इचारलं, ती थोरली पोरगी कुटं गेली? आई म्हनली, ती पावनी व्हती, गेली." रखमानं पदर सारखा केला. "मी लई रडले तवा. म्हनलं, मला लावलंस खडीवर आन् तिला का नाय लावलं? तर म्हनली, येकीचे हात तरी नीट ऱ्हाऊ दे."

 मी तिचे हात हातात घेतले. इतक्या वर्षांत कधी नीट बघितले नव्हते. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत, बारा वर्षांची असताना हातोडा बसला ते पुन्हा आलीच नाहीत. अंगठा सरळ होत नाही. आणि माझे हे हात, अडुसष्टाव्या वर्षी अजून बारीक सुईत दोरा ओवणारे. मी रडले. मोठ्यानं रडले, शेजारच्या वहिनी बघायला आल्या इतकी. आईवर पन्नास वर्षं मनात राग धरला. ती गेली तेव्हा तिच्या पायाशी बसूनही तो पुरता गेला नव्हता. आता तो कुठं ठेवू, ते कळेना.

"उगी," रखमा म्हणाली. "मला ऑपरेशनवाल्या बाईनं रडू नगं म्हनलंय. तू रडलीस तर मला बी यील."

संध्याकाळी मी तिला माझं उत्तर सांगितलं. गावावर माया नाही असं नाही. पोळ्याला, लग्नाकार्याला येईनच, ओसरीवर झोपेन. पण त्या खोलीत तू जोंधळा भर. आईनं एका लेकीला दगडावर बसवून दुसरीला इथं ठेवलं. हे हात असे फुकट राहिले नाहीत, त्यांच्यासाठी तुझे गेलेत. सुई दिसते आहे तोवर मी इथून उठणार नाही.

रखमानं विचारलं, "आन् मग घर कुटलं म्हनायचं तुजं?"

"आईनं मला जिथं राहायला घालवलं, ते."

तिनं उशी ओढून घेतली, पट्टीचा डोळा सांभाळत आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मग मी बी ऱ्हाते आनखी थोडे दिस. मला आता कुनी मुकादम हाका मारीत नाय."